आंबोलीला निघालेल्या भाचीस

कोल्हापूर
आर्द्रा नक्षत्र

चि. मनूस,


जुलैत आंबोलीला जायचं ठरलं, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पाऊस जास्त असला तर कॅमेरा खोलीवरच ठेवायचा तुझा विचार आहे, असंही ती म्हणाली. तो विचार आधी सोड. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं गाव ते. तिथे उघडिपीची वाट बघत बसलीस तर कॅमेरा बॅगेतच राहील. शिवाय ज्या बेडकांसाठी तू चालली आहेस, ते पावसातच बाहेर पडतात. तेव्हा भिजायचंच आहे, हे धरून तयारी कर.

वरून पडणाऱ्या पावसापासून कॅमेरा सांभाळणं त्या मानाने सोपं असतं. कॅमेरे जास्त बिघडतात ते नंतर. ओला कॅमेरा आपण कसा पुसला, कुठे ठेवला, रात्री त्याचं काय केलं, यावर सगळं असतं. म्हणून पत्रातला निम्मा मजकूर संध्याकाळनंतरचा आहे, तो कंटाळा न करता वाच.

आधी तुझ्या लेन्सची मागची बाजू बघ. धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक कडी आहे का? किट लेन्सला ती सहसा नसते. ती नसेल तर बॉडी कितीही ‘वेदर सील्ड’ असो, बॉडी आणि लेन्सच्या सांध्यातून पाणी आत जाणार. आणि असली तरी सील्ड म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, यावरूनच काय ते समज.

महागडं रेनकव्हर घ्यायची घाई करू नकोस. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घे, तळाला लेन्सच्या हूडपेक्षा थोडं लहान भोक पाड, ते हूडवर ताणून बसव आणि वर रबरबँड लाव. दोन्ही हात मागच्या उघड्या तोंडातून आत घालायचे. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं आठव. वरून पूर्ण झाकलेलं, खालून मोकळं. पिशवीही तशीच असू दे. सगळीकडून बांधून टाकलीस तर तुझ्या हातांचीच वाफ आत कोंडेल. हूड मात्र काढू नकोस. काचेवर थेंब बसू न देण्यात त्याच्याइतका उपयोग कशाचाच नाही.

एवढं करूनही आंबोलीजवळच्या कावळेसादला हे सगळं अपुरं पडेल. तिथे दरीतून वर येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, म्हणजे पाऊस खालून लागतो आणि छत्रीचाही काही उपयोग नसतो. तिथे वाऱ्याकडे पाठ करून आधी सगळी सेटिंग करून ठेव, मग वळून चार फोटो काढ आणि पुन्हा पाठ कर. फार वेळ थांबावंसं वाटलं तर कॅमेरा बॅगेत टाकून डोळ्यांनी बघ.

लेन्स बदलणं बाहेर अजिबात नको, छत्रीखालीसुद्धा नको. रात्री बेडकांसाठी मॅक्रो लावायची असेल तर ती खोलीवरूनच लावून नीघ.

झूम लेन्सचं एक लक्षात ठेव. झूम बाहेर काढलेली असताना तिच्या आतल्या नळीवर पाणी बसतं. तशीच आत घेतलीस की ते पाणी तू स्वतःच्या हाताने लेन्सच्या पोटात ढकलतेस. म्हणून आधी नळी टिपून कोरडी करायची, मगच आत घ्यायची. टिपायचं, घासायचं नाही. त्यासाठी जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा घे. मायक्रोफायबर फक्त काचेसाठी ठेव, आणि तोही झिपच्या पिशवीत, कारण ओल्या कापडाने काच नुसती बरबटते.

फ्लॅश बसवायची खाच, म्हणजे हॉट शू, ही कॅमेऱ्याची वरची उघडी जागा. तिथे विजेचे संपर्क असतात. फ्लॅश लावलेला असताना त्या जोडावर प्लास्टिक आलंच पाहिजे, आणि फ्लॅश काढल्यावर तिथलं पाणी आधी टिपायचं. फ्लॅश भिजलाच तर सेल काढून बाजूला ठेव. उघडून बघायचा उद्योग करू नकोस, त्याच्या आत मोठ्या दाबाची वीज साठलेली असते.

डासांचं मलम पायांना लाव, तळहातांना नको. त्यात डीईईटी नावाचं रसायन असलं तर ते प्लास्टिक खातं. कॅमेऱ्याची पकड त्यानेही चिकट होऊ शकते. आणि त्या हाताने बेडकाला स्पर्श झाला तर त्याच्या कातडीतून ते आत जातं. बेडूक हातात घ्यायचाच नाही, हे तर तुला सांगायला नको. आंबोली टोडसारखा प्राणी मुख्यतः आंबोलीच्या खडकाळ सड्यावरच राहतो. पाय कुठे पडतोय तेही बघत जा. एका फोटोसाठी पानावरचं फेसाचं घरटं हलवणारे लोक भेटतील. त्यांच्यात मिसळू नकोस.

आता संध्याकाळनंतरचं. खोलीवर आलीस की कपडे बदलण्याआधी कॅमेरा बंद कर, पंचाने टिप, बॅटरी आणि कार्ड काढ, झाकणं उघडी ठेव आणि पंख्याच्या वाऱ्यात तासभर ठेवून दे. हेअर ड्रायर नको आणि चुलीजवळ तर मुळीच नको. उष्णतेने आतला गोंद सैल होतो, धुराचा थर काचेवर बसतो. तांदळाच्या डब्यात ठेव, असं कोणी ना कोणी सांगेलच. ऐकू नकोस. तांदूळ ओल फारशी ओढत नाहीत आणि त्यांची पिठी मात्र फटींत शिरते.

पावसात तिथे वीज जाते, म्हणून पंख्यावर विसंबायचं नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा ने आणि त्यात सुती पुरचुंडीत बांधलेली सिलिका जेल ठेव. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांचा उपयोग नाही. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. परतायला वेगळी जुनी कढई ठेव, स्वयंपाकाची नको, आणि खिडकी उघडी असू दे. त्यापेक्षा नारिंगी दाणे बरे.

भिजलेली बॅग कॅमेऱ्यासह बंद करून झोपू नकोस. बॅगेचा फोम दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ती ओल रात्रभर लेन्सला मिळत राहते. बॅग बाहेर टांग, कॅमेरा डब्यात.

परतीची एक गोष्ट. आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. घाट उतरून सावंतवाडीला आलीस की हवा चार-पाच अंशांनी गरम आणि तितकीच दमट. गाडीत एसी लावून आलेला गार कॅमेरा तिथे बाहेर काढलास की गार लोट्यावर पाणी धरावं तसं बाहेरच्या काचेवर दव धरतं, आणि तेव्हाच लेन्स बदलायला गेलीस तर आत सेन्सरवरही. म्हणून उतरताना एसी बंद ठेव, किंवा कॅमेरा हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत घाल आणि उतरल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच बंद राहू दे. दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही.

कॅमेरा पाण्यात पडलाच, तर चालतो का हे बघायला बटण दाबू नकोस. बॅटरी काढ, पुन्हा घालू नकोस आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडे ने. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की जे वाचलं असतं तेही जातं.

घरी पोचल्यावर आठवडाभराने लेन्समधून टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. लगेच साफ करून घे, थांबलीस तर ती काचेवरचं कोटिंग खाते. कपाटातल्या हवेत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघ. आर्द्रतामापक फार महाग नसतो. चामड्याचं कव्हर असेल तर पावसाळाभर त्यात काहीच ठेवू नकोस, बुरशीला चामडं फार आवडतं.

नारिंगी सिलिका जेल, दोन मोठ्या पिशव्या आणि माझा एक पंचा ताईकडे पाठवतोय. डबा तू निघण्याआधी तुमच्या गावातच घे, कॅमेरा सोबत नेऊन त्यात बसतो का ते बघून. निघण्याआधी घरीच पिशवी चढवून बाथरूमच्या शॉवरखाली दोन मिनिटं धर, आत कोरडा कागद ठेवून. कागद कुठे भिजला ते मला कळव, मग भोक कुठे घट्ट करायचं ते ठरवू.

तुझा,
मामा