वूफरची घरघर : पेच खोलण्याआधी पिन काढा

होम थिएटर दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंकडे एक तक्रार हमखास येते. गाणे बंद असले तरी वूफरमधून सारखा 'हूंऽऽ' असा जाड आवाज येत राहतो. पुष्कळ दुकानांत असा सेट आला की लगेच खोलला जातो, आयसी बदलली जाते, कपॅसिटर बदलले जातात आणि बिल होते. गिऱ्हाईक सेट घरी नेऊन जोडते तो आवाज पुन्हा हजर! मग भांडण होते आणि दुकानाचे नाव खराब होते ते वेगळेच. वास्तविक अशा अनेक वेळी दोष सेटमध्ये नसून घरच्या जोडणीत असतो. म्हणून तपासणीचा क्रम आम्ही येथे देत आहोत.

प्रथम सेट बंद करून मागच्या सर्व इनपुट पिना काढाव्यात आणि व्हॉल्यूम कमी ठेवून सेट पुन्हा चालू करावा. आवाज तसाच राहिला व व्हॉल्यूम कमी-जास्त केल्याने त्यात फरक पडला नाही, तर दोष आत पॉवर सप्लायमध्ये शोधावा. आवाज थांबला तर सेट खोलूच नये. दुसरी चांगली वायर घेऊन चार्जिंगला न लावलेल्या मोबाईलवरून गाणे वाजवावे. ते स्वच्छ वाजले तर सेट निर्दोष आहे. मग जुनी वायर पाहावी. पिनेजवळ तिची बाहेरची जाळी तुटलेली असली तरी एवढ्यानेच घरघर येते.

वायरही चांगली निघाली तर केबल टीव्हीकडे वळावे. सेटटॉप बॉक्सला येणाऱ्या केबलची जाळी बाहेर कुठेतरी अर्थ झालेली असते आणि घरातील अर्थिंग वेगळे असते. दोहोंत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी ऑडिओ वायरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि वूफर तो मोठा करून ऐकवतो. बॉक्सची केबल काढताच आवाज थांबला, तर चोर सापडला! ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. दोन्हीकडे ऑप्टिकल सॉकेट असेल तर ती वायर उत्तम, कारण तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो.

काही जण येथे सोपा उपाय करतात. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची मोठी पिन कापून टाकतात. आवाज जातो, पण उद्या आत लाइव्ह वायर पत्र्याला चिकटली तर घरातील मूल त्या सेटला हात लावील. गिऱ्हाईकाने कितीही आग्रह केला तरी हे काम करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आतल्या दोषाकडे. ब्रिजमधून निघणारी लहर १०० हर्ट्झची असते. ती सपाट करणे हे मोठ्या फिल्टर कपॅसिटरचे काम. तो सुकला की घरघर सुरू होते. डोके फुगलेला कपॅसिटर लगेच ओळखू येतो, परंतु न फुगलेलाही निकामी असू शकतो. नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त घ्यावेत. ध्रुव उलटे लावू नयेत. हात लावण्यापूर्वी दोन वॅटचा एक हजार ओहमचा रेझिस्टर अर्धा मिनिट धरून चार्ज उतरवावा; स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय सोडावी. स्पीकरची वायर काढूनही पेटी गुणगुणत असेल, तर ट्रान्सफॉर्मरचे पेच आवळून खाली रबर घालावे.

फक्त गाणे वाजताना एखादाच सूर घुमत असेल तर ती घरघर नव्हे, खोलीचा दोष. दहा फुटांच्या खोलीत साधारण ५७ हर्ट्झचा सूर फुगतो. वूफर कोपऱ्यातून पुढे ओढून पाहावा, याला पैसे लागत नाहीत.

सेट दुकानात घेताना त्याच्या वायरीही मागून घ्याव्यात, आणि घरी केबल व इन्व्हर्टर आहे का ते पावतीवरच लिहून ठेवावे. तपासणीचा आकार आधीच सांगावा. दोष घरच्या जोडणीत निघाला तरी तो घ्यायला संकोच नको. शोधण्याचीही मेहनत असते.