वजन उतरवायच्या गोळ्या : आधी हिशोब करा

प्रथम वर्षाला हॉस्टेलवर आलो तेव्हा माझं वजन ६१ किलो होतं. सहाव्या सेमिस्टरला मेसमागच्या धान्याच्या काट्यावर सहज उभा राहिलो, तर ७८ भरलं. उंची १७० सेंमी. पोरं 'शेठ' म्हणायला लागली. त्याच सुमारास स्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात दिसली : 'एका महिन्यात १० किलो कमी. शुद्ध वनौषधी. पथ्य नाही, व्यायाम नाही.' फोन केला, पार्सलने डबी आली. किंमत १८०० रुपये.

आई-वडील तेव्हा ऊसतोडीला सांगलीकडे होते. १८०० रुपये म्हणजे त्यांच्या एका कोयत्याची, दोघांची मिळून, दोन-अडीच दिवसांची मजुरी. मी त्यांना 'पुस्तकं घ्यायचीत' असं सांगितलं.

नऊ दिवस गोळ्या घेतल्या. भूक मेली, हे खरं. पण झोप उडाली, तोंड सारखं कोरडं पडायचं. नवव्या रात्री छातीत एवढं धडधडायला लागलं की रूममेटने गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "डबीवर घटक लिहिलेत का?" लिहिलेले नव्हते. त्यानंतर सुट्टीत या विषयावर वाचलं. ते आपल्या भाषेत मांडतो.

हिशोब काय सांगतो?

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. आपल्या एककात सांगायचं तर सुमारे ९ युनिट वीज. दहा किलोच्या झाल्या ७७ हजार. तीस दिवसांनी भागा : रोज जवळपास २५६० कॅलरी. माझ्यासारख्या मुलाचा दिवसाचा एकूण खर्चच २४०० च्या आसपास असतो. म्हणजे महिनाभर अन्नाचा कणही खाल्ला नाही तरी दहा किलो चरबी जळत नाही. काटा खाली आला तर त्यात पाणी आणि स्नायूही गेलेले असतात. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम पाठ केलेल्या पोराने हा गुणाकार पैसे पाठवायच्या आधी करायला हवा होता.

आता उलटा हिशोब. माझे १७ किलो अडीच वर्षांत वाढले. ढोबळमानाने रोज दीडशेच्या आसपास कॅलरी जास्त. म्हणजे साधारण दोन कप गोड चहा. राक्षसासारखं खाल्लं म्हणून नव्हे, रोज थोडं थोडं साठलं म्हणून वाढलं.

गोळ्या करतात तरी काय?

पहिला प्रकार, शरीराची भट्टी पेटवणारा. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डायनायट्रोफेनॉल हे रसायन वजनासाठी वापरून पाहिलं. हे पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यात वापरलं जायचं. क्लच घसरला की इंजिन फिरतं, गाडी हलत नाही आणि नुसती उष्णता होते, तसं ते पेशीत करतं. वजन उतरलं, पण मोतीबिंदू झाले, ताप चढून माणसं गेली. १९३८ मध्ये ते अमेरिकेत बंद झालं.

दुसरा, मेंदूतली भूक मारणारा. यातलं सिब्युट्रामिन आपल्याकडेही विकलं जायचं. सुमारे दहा हजार हृदयविकार वा मधुमेहाच्या रुग्णांवरच्या चाचणीत हार्ट अॅटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने ते बंद केलं. गंमत अशी, की बंदीनंतरही 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये तपासणीत तेच सापडत राहिलं. माझ्या डबीत काय होतं ते डबीवाल्यालाच ठाऊक.

तिसरा, चरबी पचू न देणारा ऑर्लिस्टॅट. खाल्लेल्या चरबीपैकी साधारण तीस टक्के न पचता बाहेर जाते. तेलकट खाल्लं तर संडासला पळापळ ठरलेली. स्वीडनमधल्या चार वर्षांच्या चाचणीत गोळीवाल्यांचं वजन ५.८ किलो उतरलं, नुसतं आहार-व्यायाम पाळणाऱ्यांचं ३ किलो. म्हणजे गोळीची खरी कमाई चार वर्षांत पावणेतीन किलो.

चौथा, नवा. सेमाग्लुटाइडसारखी आतड्याच्या हार्मोनची नक्कल करणारी औषधं. २०२१ च्या चाचणीत आठवड्याच्या इंजेक्शनने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. हे औषध खरोखर काम करतं, हे मान्य करायला हवं. पण ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. मळमळ-उलट्या होतात, खर्च मोठा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घ्यायचं नाही.

मग करायचं काय?

आपल्या लोकांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेले आकडे असे : बीएमआय २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबर मुलांची ९० सेंमी, मुलींची ८० सेंमीच्या आत हवी. माझा बीएमआय २७ होता, म्हणजे काळजी खरी होती, रस्ता चुकला. औषध लागेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, भिंतीने नव्हे. लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हेही मला नंतर कळलं. म्हणजे ती जाहिरातच बेकायदा होती.

चहा बिनसाखरेचा केला, रात्रीचा वडापाव सोडला, संध्याकाळी तासभर चालतो. सात महिन्यांत ७१ वर आलो. घाई नाही.

पाडव्याला आई-वडील गावी परतले तेव्हा १८०० रुपयांचं खरं सांगून टाकलं. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, सांगितलं असतंस तर फडात न्यलं असतं. एका हंगामात उतरलं असतं, वर मजुरी मिळाली असती." आई मात्र हसली नाही. तिने छातीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "आता धडधडत न्हाई ना?"

तुमच्या खोलीत अशी एखादी डबी असेल तर आज घटक वाचा. लिहिलेले नसतील तर फेकून द्या. पैसे गेले म्हणून गिळू नका.