औषधाच्या बाटलीवरचं गणित



शहागंजच्या बाजारात भेंडी ८० रुपये किलो असेल, तर पाव किलोचे २० आणि दीड किलोचे १२० हे आपण उभ्या उभ्या सांगतो. पण औषधाची बाटली हातात आली की त्याच आपण म्हणतो, "मला गणित येत नाही."

मी नर्स असताना एका रात्री सात महिन्यांचं बाळ आलं. वजन ७ किलो. तापासाठी आईने नेहमीसारखंच ४ मिलिलिटर पॅरासिटामॉल दिलं होतं, आधीच्या बाटलीच्या मापाने. पण बाटली बदलली होती. आधीची सिरपची होती, नवी ड्रॉप्सची. दुकानात तिला कुणी सांगितलं नाही. दोन दिवस तसंच दिलं गेलं, बाळाला दाखल करावं लागलं. ते वाचलं. आई मात्र रात्रभर स्वतःलाच बोल लावत होती.

एका मिलिलिटरला किती?

मिलिग्रॅम म्हणजे औषधाचं वजन आणि मिलिलिटर म्हणजे पातळ औषधाचं माप. बाजारात आपण 'एका किलोला किती?' विचारतो, तसं इथे 'एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम?' हे बघायचं.

सिरपवर लिहिलं होतं: ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. १२५ भागिले ५, म्हणजे १ मिलिलिटरला २५. चार मिलिलिटरमधून १०० मिलिग्रॅम गेले.
ड्रॉप्सवर लिहिलं होतं: १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. चार मिलिलिटरमधून ४०० गेले. सरळ चौपट!

पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. ७ किलोच्या बाळाला ७० ते १०५. म्हणजे ड्रॉप्स जास्तीत जास्त १ मिलिलिटर. दोन डोसमध्ये किमान चार तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. जास्त झालं तर यकृताला इजा होते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध घरी न देता थेट डॉक्टरांकडे न्या.

आजीची अडीचकी

आपल्या आजींना पावकी, निमकी, अडीचकी पाठ असायची. इन्सुलिन घेणाऱ्या घरात ती अजून लागते. कुपीवर ४० किंवा १०० लिहिलेलं असतं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये तितके युनिट. सिरिंजही तशाच दोन: लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात २० अडीचे ५० युनिट. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा.

पुडी एक, पाणी किती?

जुलाबासाठी ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते. ती २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालवली तर पाणी पाचपट खारट होतं आणि लेकराला अपाय होतो. पुडी अंदाजाने अर्धी करू नका. पूर्ण लिटर बनवा, २४ तासांनी उरलेलं फेका. छोट्या पुड्याही मिळतात, त्यावरचं माप आधी वाचा.

टिंब सांभाळा

०.५ म्हणजे अर्धा, ५ म्हणजे पाच. टिंब पुसट असेल तर दहापट चूक होते. "अर्धा की पाच?" असं तोंडी विचारून घ्या. घरातला चमचा लहानमोठा असतो, म्हणून मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंजच वापरा.

सोडवून बघा

१) बाळ १० किलोचं, डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. किती द्यायचं?
२) औषध २.५ मिलिलिटर, दिवसातून तीनदा, ५ दिवस. ३० मिलिलिटरची एक बाटली पुरेल का?

उत्तरं: १) १५० मिलिग्रॅम हवेत, १ मिलिलिटरला ५०, म्हणून ३ मिलिलिटर. २) अडीच त्रिक साडेसात, पाच दिवसांचे ३७.५. एक बाटली पुरणार नाही, दुसरी लागेल. औषध मध्येच थांबवू नका.

डोस डॉक्टरच ठरवतील, पण तो पडताळणं आपल्या हातात आहे. पुढच्या रविवारी विहारात येताना घरातली एक बाटली घेऊन या, मिळून वाचू. आणि दुकानात "एका मिलिलिटरला किती?" हे विचारताना लाजू नका. भाजीचा भाव विचारताना कधी लाजलो होतो का?