आगळाची बाटली विमानात का चढत नाही?

समजा, करूळ घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैभववाडीतील एक मामी परदेशी राहणाऱ्या लेकीकडे निघाल्या आहेत. कोकण रेल्वेने मुंबई आणि तेथून विमान. हातातील पिशवीत अर्धा लिटर कोकमाचे आगळ आहे. विमानतळावर तपासणी करणारा जवान ती बाटली बाजूला काढतो. "अहो, घरचं आगळ आहे ते, सोलकढीसाठी!" मामी सांगतात. जवानालाही ते पटते. पण बाटली काही पुढे जात नाही. असे का? ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१९६८ नंतर विमाने पळवून नेण्याचे प्रकार जगभर वाढले. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले आपले 'गंगा' विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. हळूहळू धातुशोधक चौकट सर्वत्र दिसू लागली. या चौकटीतील तारेच्या वेटोळ्यांमुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातूची वस्तू आली, की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र यंत्राला जाणवते आणि इशारा वाजतो. मात्र लक्षात ठेवा, चौकट विजेचा वाहक ओळखते, धोका नव्हे. मामींच्या बांगड्यांमुळे ती वाजेल. पण स्फोटकाच्या वडीला धातू नसेल तर मुकाट्याने जाऊ देईल.

याचे भयंकर प्रत्यंतर सामानाच्या बाबतीत आले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान कॅनडाहून लंडन-दिल्लीमार्गे मुंबईला येत होते. आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर त्यात स्फोट झाला आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. स्फोटकाची बॅग व्हँकूव्हरला दुसऱ्या विमानात चढवली गेली व टोरांटोला 'कनिष्क'मध्ये आली. तिचा मालक मात्र प्रवासाला निघालाच नव्हता! टोरांटोचे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते. यातून सामान आणि प्रवासी यांची जुळणी करण्याचा नियम दृढ झाला : मालक विमानात बसला नाही, तर त्याची बॅगही खाली उतरवायची. या नियमाला मोठे यंत्र लागत नाही, चोख मोजणी लागते.

क्ष-किरणांचे साधे चित्र म्हणजे एक सावलीच. १९८८ साली स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर फुटलेल्या विमानात स्फोटक रेडिओ-कॅसेट यंत्रात दडवलेले होते. तारा आणि सुट्या भागांच्या गर्दीत ते सावलीवरून ओळखणे कठीण. म्हणून दोन निरनिराळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारी यंत्रे आली. दोन्ही किरण किती शोषले गेले याची तुलना केली, की पदार्थातील अणू हलके आहेत की जड, हे कळते. पडद्यावर धातू निळे दिसतात, तर हलक्या अणूंचे पदार्थ नारिंगी. पण भाकरी, साबण आणि स्फोटक, तिन्ही नारिंगीच!

आता मामींच्या बाटलीकडे वळू. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने शीतपेयाच्या बाटल्यांतील द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. पाणी, सरबत आणि घातक द्रव यांतील फरक त्या वेळच्या यंत्रांना नीट सांगता येत नव्हता. ओळखता येत नाही, तर निदान प्रमाण तरी कमी ठेवा, असे ठरले. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात एका बाटलीला १०० मिलिलिटरची मर्यादा आली.

म्हणजे असे नियम यंत्राला जे दिसत नाही त्यावर लावलेली ठिगळे आहेत. यंत्र सुधारले, की ठिगळ काढता येते. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक लपवून विमानात नेले. त्यामुळे अमेरिकेत प्रवाशांना बूट काढावे लागत; ती सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली. सामानाचे अनेक बाजूंनी छेद घेऊन घनचित्र उभे करणारी सीटी यंत्रे आता येत आहेत. ती जेथे बसली, अशा युरोपातील काही विमानतळांवर द्रवांची मर्यादाही सैल झाली आहे.

तोवर मामींनी काय करावे? बाटलीला घट्ट बूच लावून ती मोठ्या सामानात द्यावी. ते सामान प्रवासात कोणाच्या हाती लागत नाही आणि त्याची तपासणीही वेगळी होते.

तुम्हीच सांगा : लाकडी, स्टीलचा आणि प्लॅस्टिकचा असे तीन चमचे आहेत. चौकट कोणत्या चमच्याने वाजेल? आणि पडद्यावर प्रत्येकाचा रंग कोणता दिसेल?