भाचीस पत्र : इंग्रजीच्या तासाविषयी

चि. मनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला पहिली अडचण येते ती मुलांच्या गप्प बसण्याची. गणितात उत्तर चुकले तरी हात वर करणारा मुलगा या तासाला खाली मान घालून बसतो. गणितातली चूक वहीत राहते, बोलण्यातली सगळ्या वर्गाला ऐकू जाते. मागच्या बाकावरून एकदा खसखस पिकली की तो पुन्हा तोंड उघडायला महिना घेतो. धाकट्या मावशीने परवा फोनवर सांगितलेली गोष्ट खरी असेल, तर सातवीच्या एका वर्गात टेबलावर पत्र्याचा डबा ठेवलेला आहे आणि मराठी शब्द तोंडातून निघाला की त्यात एक रुपया टाकावा लागतो. मावशीच्या सांगण्यात तिखटमीठ असतेच, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण डबा खरा असेल तर त्याचे फळ ठरलेले आहे : मराठी बंद होते आणि इंग्रजी सुरू होत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. सातवीतल्या मुलाची इंग्रजीशी सहा वर्षांहून जास्त ओळख असते, पण ती कागदावर. प्रत्यक्षात दिवसाकाठी एक तास, आणि तोही अशा भाषेचा की शाळा सुटल्यावर एसटीत, बाजारात, घरी तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. मुलांना इंग्रजी येत नाही याचे आश्चर्य वाटण्यापेक्षा एवढ्यावर जेवढे येते त्याचे वाटावे.

वाचनात नडते ते स्पेलिंग. देवनागरी लिहिली तशी वाचता येते, या सवयीच्या मुलाला ‘कट’ आणि ‘पुट’ यांत एकच यू का, हे कोणी समजावून सांगू शकत नाही. मग तो प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहितो, गाईडही तेच करते, आणि डोळे वरच्या ओळीकडे जातच नाहीत. हे एकदम बंद करू नये. आठवड्याला ओळखीचे झालेले शब्द तेवढे खोडायला सांगावेत. उच्चारांपैकी व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक, आणि शब्दातल्या नेमक्या कोणत्या भागावर जोर द्यायचा, एवढे सातवीत पुरे. साहेबासारखे बोलता आले पाहिजे असा हट्ट कोणी धरलेला नाही.

वाक्यरचनेच्या चुका बहुतेक मराठीच्या वळणाने येतात, म्हणून त्या आधीच हेरता येतात. मराठीत क्रियापद शेवटी असते, म्हणून ‘आय मँगो ईट’. ‘मला ताप आला’ याचे ‘टू मी फीवर केम’ होते, कारण मराठीत येण्याचे काम तापच करतो. पेन्सिल स्त्रीलिंगी, म्हणून हरवलेल्या पेन्सिलीला ‘शी’ म्हणतात. प्रश्न विचारायला मराठीत शेवटी ‘का’ लावला की भागते. इंग्रजीत कुठून तरी ‘डू’ आणून पुढे उभा करावा लागतो, आणि तो आला की ‘डझ’ आणि ‘डिड’ पाठोपाठ येतात. ‘ए’ आणि ‘द’ कुठे घालायचे, हे सातवीत कळत नाही. पुष्कळ पदवीधरांनाही कळत नाही. एका वहीत हमखास सापडणारे वाक्य म्हणजे ‘माय फादर आर फार्मर’. वडिलांना एकेरी म्हणायचे नाही, एवढे त्या मुलाला पक्के माहीत आहे. लाल शाई लावण्याआधी शिक्षिकेने त्याच्या या चांगल्या वळणाची मनात नोंद घ्यावी.

बोलताना झालेली चूक तिथल्या तिथे पकडली तर बोलणे थांबते. मुलगा ‘ही गो मार्केट’ म्हणाला, तर ‘येस, ही गोज टू द मार्केट. व्हॉट डझ ही बाय?’ असे म्हणून पुढे जावे. बरोबर वाक्य कानावर पडते, आणि त्याचे सांगणे कोणी ऐकतेय हेही त्याला कळते. वहीत पाच चुका असतील तर एक धरावी, चार सोडाव्यात.

मराठीचा वापर किती करावा, यावर शिक्षकांत वाद आहे आणि डबा त्यातूनच निघाला असावा. नवा नियम दोन मिनिटे मराठीत सांगितला तर अर्धा तास वाचतो. रोजच्या सूचना मात्र इंग्रजीतच द्याव्यात, म्हणजे त्या अंगवळणी पडतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीचा हात धरूनच. त्या पद्धतीत बोलणे मागे पडले, हा तिचा दोष खरा. पण मराठीने इंग्रजी बिघडते असे तिच्यावरून कोणी म्हणू शकणार नाही. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक त्रासालाही बंदी केली आहे. उद्या केंद्रप्रमुखांनी डब्यातल्या पैशांचा हिशेब मागितला, तर काय दाखवायचे? ज्या घरात मुलाला रुपया मोजून मिळतो, तिथला मुलगा तो वाचवायला वर्षभर गप्प राहील.

सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असा कायद्याचा हिशेब आहे. पस्तीस जणांना एकेक मिनिट बोलायला दिले तरी तास संपतो. जोड्या लावल्या तर एका वेळी निम्मा वर्ग बोलतो. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावतात, त्यांना डोकावू द्यावे. एकाच वर्गात कोणी गोष्ट वाचतो, कोणाला अजून अक्षरे लागत नाहीत. उतारा एक ठेवून प्रश्न वेगळे द्यावेत. ‘अंडरस्टँड?’ असे विचारू नये. त्याला ‘येस टीचर’ हे एकच उत्तर येते आणि ते कधीच खरे नसते.

परीक्षेविषयी थोडक्यात. दहावीला तृतीय भाषा म्हणून इंग्रजीला ऐंशी गुण लेखी आणि वीस अंतर्गत. हे वीस २०१८-१९ साली काढले आणि पुढच्याच वर्षी परत आणले. गुण ऐंशीकडे आहेत तोवर निबंध पाठ होत राहणार, आणि होळीचा विचारला तरी दिवाळीचा लिहिला जाणार. सातवीला अजून ती घाई नाही, ही जमेची बाजू.

मामाच्या शाळेत डबा नव्हता, छडी होती. पुढे पुण्यात होस्टेलवर त्याच्या खोलीत एक तमिळ मुलगा आला. मराठी त्याला येत नव्हते, इंग्रजी दोघांनाही पेपरापुरते येत होते. वर्षभर ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे गोष्ट गेली नाही. तो सुट्टीत गावी गेला तो परत आला नाही, आणि त्याच्या घरी कोण कोण होते हेसुद्धा मामाला माहीत नाही. याची हळहळ अजून वाटते.

नव्या शिक्षिकेची अडचण मुलांइतकीच खरी असते. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक पाहतात, पालक पाहतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला आपलेच इंग्रजी वर्गात चुकेल अशी धास्ती असते. धास्तीतून माणूस कडक होतो. मनू मुळात कडक नाही, हे तिला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्यांना सांगावे लागत नाही. फळ्यावर चुकले तर मुलांसमोरच पुसून नीट लिहावे, त्यात कमीपणा नाही. जमलेले रुपये ज्याचे त्याला परत द्यावेत.

खोलीवर एकटीने चहा-बिस्किटांवर रात्र काढू नये. दिवाळीच्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा घेऊन सरळ इकडे यावे, निम्म्या मामा तपासून देईल. मावशीला यातले काही कळवू नये.

कळावे. आशीर्वाद.