पदविकेनंतरची पदवी : औषधाच्या खिडकीमागचे शिक्षण

ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेला रुग्ण डॉक्टरांना भेटून थेट घरी जात नाही. तो आधी औषधाच्या खिडकीपाशी जातो. तेथे त्याच्या हाती गोळ्यांच्या पट्ट्या पडतात, आणि त्या केव्हा, किती व किती दिवस घ्यावयाच्या हे तेथेच त्याला कळते किंवा कळत नाही. उपचाराचे यश पुष्कळदा या दोन मिनिटांवर अवलंबून असते. खिडकीमागे उभा असलेला औषधनिर्माता बहुधा पदविकाधारक असतो. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करून तो या कामावर आलेला असतो. अशा तरुणाला पुढे शिकावयाचे झाल्यास मार्ग कोणते, त्यांत अडचणी कोणत्या आणि त्याच्या शिक्षणाशी गावाचा संबंध काय, याचा विचार या लेखात केला आहे.

वर्धा जिल्ह्याचा अनुभव

औषध देणे आणि औषध समजावून देणे यांतील अंतर वर्धा जिल्ह्याने फार पूर्वीच ओळखले आहे. १९५१ साली वर्धा येथे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली. डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने पाहणी, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर गावोगाव कुष्ठरोगाचे काम उभे केले. त्या त्रिसूत्रीत ‘शिक्षण’ हा शब्द ‘उपचार’ या शब्दाच्या आधी येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कुष्ठरोगावर बहुऔषधोपचार सुरू झाला, तेव्हा ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत तो राबविला गेला त्यांत वर्धा होता.

या उपचारातील रिफाम्पिसिनमुळे लघवीला तांबूस रंग येतो. क्लोफाझिमिनमुळे काही काळ त्वचा काळवंडते. दोन्ही परिणाम अपेक्षित असून औषध थांबल्यावर ते ओसरतात. परंतु ज्याला हे आधी कोणी सांगितलेले नाही, तो रुग्ण घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. गोळ्या बंद झाल्या की रोग पुन्हा डोके वर काढतो व औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होण्याची भीतीही वाढते. औषध तेच, मात्राही तीच. फरक पडतो तो खिडकीवर बोललेल्या चार वाक्यांमुळे. ही चार वाक्ये आत्मविश्वासाने बोलता यावीत, यासाठी औषधाचा शरीरातील प्रवास ठाऊक असावा लागतो.

मिश्रकापासून औषधनिर्मात्यापर्यंत

जुन्या पिढीला दवाखान्यातील ‘मिश्रक’ आठवत असेल. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो काचेच्या बाटलीत औषध कालवून देई आणि मात्रेसाठी बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी. त्याचे शिक्षण बहुतांशी कामातूनच होत असे. १९३० साली नेमलेल्या कर्नल चोप्रा समितीने देशातील औषधव्यवहाराची पाहणी केली आणि या व्यवसायाला शिक्षणाची व कायद्याची शिस्त हवी असे सुचविले. १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले व १९३७ पासून तेथे पदवी अभ्यासक्रम आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी अधिनियम झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, हे या अधिनियमाचे मुख्य सूत्र होय.

या नोंदणीसाठी पदवीची अट नाही. त्यामुळे पदविकाधारक हा अर्धशिक्षित आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. औषध देण्याचा त्याचा कायदेशीर अधिकार पदवीधराइतकाच पूर्ण आहे. पदवीने ज्ञानाचा आणि कामाचा परीघ वाढतो. औषध रक्तात किती वेगाने मिसळते, यकृत व मूत्रपिंड त्याचे काय करतात, दोन औषधे एकत्र आली असता काय घडते, कारखान्यात गोळीचा दर्जा कसा तपासतात, या विषयांचा सखोल अभ्यास पदवीत होतो. पदवीमुळे काही नवी दारेही उघडतात. औषध निरीक्षकाच्या पदासाठी पदविका चालत नाही, पदवी लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आणि त्यातून अध्यापन व संशोधनाचा मार्गही पदवीवरूनच जातो.

पुढील शिक्षणाचे मार्ग

पहिला व सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून पदविका उत्तीर्ण झालेल्यास तिसऱ्या सत्रात प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांत पदवी पूर्ण होते. महाराष्ट्रात ही प्रवेशप्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत चालते व गुणवत्ता पदविकेच्या गुणांवर ठरते. पदविकेच्या अभ्यासाबद्दल विद्यार्थ्याच्या खाती ५२ श्रेयांक जमा होतात. मात्र संवादकौशल्ये व औषधनिर्माणातील संगणक-उपयोजन हे पहिल्या वर्षाचे दोन विषय, एकूण ७ श्रेयांकांचे, त्याला अधिकचे पूर्ण करावे लागतात.

दुसरा मार्ग नोकरी-व्यवसायात असलेल्यांसाठी आखलेला आहे. २०१४ च्या विनियमांनुसार किमान चार वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत पदविकाधारकासाठी ‘बी. फार्म. (प्रॅक्टिस)’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचा भर रुग्णाशी संबंधित कामावर असतो. तो कोणत्या संस्थेत चालतो, हे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यता-सूचीत पाहूनच ठरवावे.

तिसरा मार्ग ‘फार्म. डी.’ या अभ्यासक्रमाचा. २००८ च्या विनियमांन्वये आलेला हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम रुग्णालयातील कामाशी निगडित असून शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. पदविकाधारक त्यास पात्र आहे, परंतु त्याला पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. आधी पदवी घेतल्यास हाच अभ्यासक्रम पुढे तीन वर्षांत करता येतो.

वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला शिक्षणासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. बोरगाव (मेघे) येथे इन्स्टिट्यूट ऑफ फार्मास्युटिकल एज्युकेशन अँड रिसर्च आहे. सावंगी (मेघे) येथील अभिमत विद्यापीठातही औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि अमरावतीचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेमुळे व कस्तुरबा रुग्णालयामुळे वैद्यकीय शिक्षणाचे वातावरण या परिसरात आधीपासूनच आहे.

परवाना भिंतीवर, माणूस वर्गात

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. पदवी अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला किमान ८० टक्के उपस्थिती आवश्यक आहे आणि प्रत्येक सत्र किमान शंभर कामकाजाच्या दिवसांचे असते. प्रयोगशाळेतील काम घरी बसून होत नाही; म्हणूनच ही पदवी पत्रद्वारा किंवा दूरशिक्षणाने घेता येत नाही. ‘नोकरी सांभाळा, परीक्षेपुरते या,’ असे सांगणारा कोणी भेटल्यास त्याच्यापासून दूरच राहावे. अशा पदवीला नोंदणीच्या दृष्टीने किंमत नसते. फी आणि वर्षे मात्र खर्ची पडतात.

याहून गंभीर प्रश्न दुकानाचा आहे. समजा, हिंगणघाट किंवा आर्वी तालुक्यातील एखाद्या पदविकाधारकाच्या नोंदणीवर औषध दुकानाचा परवाना आहे आणि त्याने वर्ध्याला पदवीला प्रवेश घेतला. सकाळपासून सायंकाळपर्यंत तो वर्गात असेल, तर दुकानात औषध कोणाच्या देखरेखीखाली दिले जाणार? नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि गल्ल्यावर अप्रशिक्षित मुलगा, ही स्थिती कायद्याने अपराध आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने धोक्याची आहे. प्रतिजैविके, झोपेची औषधे, मधुमेहाची इन्शुलिन ही नुसती पट्टी कापून देण्याची वस्तू नव्हे. इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवली नाही तर तिचा गुण जातो; बाटली मात्र बाहेरून तशीच दिसते.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी अगोदर झाल्या पाहिजेत. दुकानदाराने दुसरा नोंदणीकृत औषधनिर्माता नेमून त्याची नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे करून घ्यावी. शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असलेल्याने रजेचे नियम व मुदत आपल्या आस्थापना शाखेत विचारून पूर्वपरवानगी घ्यावी. खिडकी रिकामी ठेवून मिळविलेली पदवी रुग्णाच्या उपयोगाची नाही.

अभ्यासातही एक अवघड वळण आहे. तिसऱ्या सत्रात आरंभीच कार्बनी रसायनशास्त्राचा दुसरा भाग, भौतिक भेषजशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधनिर्माण अभियांत्रिकी हे विषय येतात. रसायनशास्त्राचा पहिला भाग थेट प्रवेश घेणाऱ्याने या वर्गमित्रांबरोबर शिकलेला नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या आणि काही वर्षे व्यवसायात घालविलेल्या विद्यार्थ्याचा धीर येथेच खचतो. प्रवेशापूर्वीच्या दोन महिन्यांत पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र वाचून घेतल्यास हे ओझे पुष्कळ हलके होते. उलट औषधक्रियाशास्त्रात त्याचा अनुभव उपयोगी पडतो. पुस्तकातील औषधाचे नाव इतरांसाठी केवळ शब्द असतो. याने ते औषध शेकडो हातांत दिलेले असते.

गाव काय करू शकते?

शिक्षकांनी बारावीनंतर पदविकेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारण्यास शिकवावे : संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे काय, आणि पदविकेनंतर पदवीची वाट मोकळी राहील असे गुण आपण मिळवू काय? मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र नोंदणीला चालत नाही. पदविकेतील गुणांवरच पुढील प्रवेश ठरत असल्याने पहिल्या वर्षापासून अभ्यास महत्त्वाचा आहे.

पंचायत सदस्यांचे साहाय्य कागदपत्रांच्या कामी मोलाचे ठरते. जात प्रमाणपत्र, त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला व उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला वेळेवर न मिळाल्याने मिळालेली जागा हातची जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरावे लागतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना मात्र ती लागू नाही. म्हणून महाविद्यालय निवडतानाच ही बाब पाहावी. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविली तरी एखाद्या मुलीचे शिक्षण पुढे सुरू राहील.

पदवी घेऊन परतणाऱ्याकडूनही गावाने काही अपेक्षा ठेवावी. त्याने औषधांचे दुष्परिणाम नोंदवून ते राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमास कळवावेत. २०१० पासून चालू असलेल्या या कार्यक्रमासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. त्याने आशा कार्यकर्तीला औषधांच्या साठवणुकीची माहिती द्यावी आणि उरलेली प्रतिजैविके शेजाऱ्याला देण्याची सवय मोडावी.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याची कल्पना देशापुढे आली आणि त्यातून ‘नई तालीम’ उभी राहिली. कामाला ज्ञानाची जोड मिळावी आणि ज्ञानाने कामाला कमी लेखू नये, हा तिचा आशय होता. औषधाच्या खिडकीमागे काही वर्षे उभा राहिलेला आणि नंतर पुन्हा वर्गात येऊन बसणारा औषधनिर्माता हा आशय आपल्या आयुष्यात उतरवीत असतो. त्याच्यासाठी वर्गाचे दार उघडे ठेवणे आणि तो वर्गात असताना खिडकी सुरक्षित हाती ठेवणे, या दोन्ही गोष्टी आपल्या सर्वांच्या जबाबदारीच्या आहेत.