बोट्स्वाना : पावसालाच धन मानणारे राष्ट्र

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, मकरवृत्ताच्या दोन्ही अंगांस पसरलेले बोट्स्वाना हे चोहोबाजूंनी भूमीने वेढलेले राष्ट्र होय. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झांबिया व झिंबाब्वे हे त्याचे शेजारी. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेतेवीस लाख. या देशाला समुद्र नाही आणि पाऊसही बेताचाच. येथील चलनाचे नाव ‘पुला’. सेत्स्वाना भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पाऊस’. राष्ट्रध्वजावरील निळा रंगही पाण्याचेच प्रतीक आहे.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची गणना जगातील अतिदरिद्री राष्ट्रांत होत असे. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणारा तो पहिला देश ठरला. ही वाटचाल कशी घडली आणि आज तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे.

भूमी आणि पाणी

देशाचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीचे सपाट पठार आहे. त्यातील दोन तृतीयांशाहून अधिक प्रदेश कालाहारीच्या वाळूने व्यापला आहे. ही भूमी अगदीच उजाड नाही; तिच्यावर गवत आणि काटेरी झाडे वाढतात. नैर्ऋत्येस वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर, तर ईशान्येस सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे बहुसंख्य लोक पूर्वेकडील पट्ट्यात, लोहमार्गाच्या आसपास राहतात.

वायव्येस ओकावांगो नदीचा चमत्कार पाहावयास मिळतो. अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावणारी ही नदी समुद्राला मिळतच नाही. कालाहारीच्या वाळूत पसरून ती विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश निर्माण करते. अंगोलातील पावसाचे पाणी येथे पोहोचण्यास काही महिने लागतात. साहजिकच बोट्स्वानात कोरडा हिवाळा असतो, तेव्हा ओकावांगोला पूर येतो. २०१४ मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. जगात सर्वाधिक हत्ती याच देशात आहेत. त्यांच्यामुळे पर्यटन वाढले, तसेच पिकांच्या नासाडीवरून शेतकऱ्यांचा रोषही वाढला.

लोक आणि लोकजीवन

त्स्वाना हा येथील प्रमुख समाज. सेत्स्वाना ही राष्ट्रभाषा व इंग्रजी ही राजभाषा आहे. प्रत्येक कुळाचे एक प्राणी-देवक असते. बाक्वेना लोकांचे देवक मगर. देवक असलेला प्राणी मारणे वा खाणे निषिद्ध मानले जाते. परंपरेनुसार कुटुंबाची तीन ठिकाणे असतात : गावातील घर, शेतावरील वस्ती आणि दूर रानातील गुरांचा तळ. गुरे हीच प्रतिष्ठेची खूण आणि संकटकाळची शिल्लक. आहारात ज्वारीला मोठे स्थान आहे. ज्वारीचे पीठ आंबवून केलेला ‘बोगोबे’ मराठी माणसाला आंबिलीची आठवण करून देईल.

गावाचे सार्वजनिक जीवन ‘खोट्ला’ या सभास्थानाभोवती फिरते. तेथे ‘खोसी’ म्हणजे गावप्रमुख सर्वांचे म्हणणे ऐकतो आणि शेवटी निर्णय सांगतो. प्रमुखाचे प्रमुखपण लोकांमुळेच असते, अशा अर्थाची म्हण तेथे रूढ आहे. पूर्वी या सभेत स्त्रियांना स्थान नव्हते. पुढे ही रीत बदलली आणि २००३ मध्ये बालेटे समाजाच्या प्रमुखपदी मोसादी सेबोको या प्रथमच एक स्त्री म्हणून विराजमान झाल्या. मंत्री व अधिकारीही नव्या योजना घेऊन खोट्लापुढे येतात. जमीनवाटपाचा अधिकार मात्र १९६८ च्या कायद्यानुसार प्रमुखांकडून काढून भूमी मंडळांकडे देण्यात आला.

हिऱ्यांची मालकी कोणाची?

१९६७ मध्ये ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला. हा प्रदेश बांगवाटो समाजाचा; पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा याच समाजाचे. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजांवरील हक्क कोणा एका समाजाकडे न राहता राष्ट्राकडे आले. एका समाजाने आपल्या भूमीतील संपत्ती सर्वांची मानली, ही या देशाच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हटली पाहिजे. ओरापाची खाण १९७१ मध्ये व ज्वानेंगची १९८२ मध्ये सुरू झाली. डी बिअर्स कंपनी आणि शासन यांची निम्मी-निम्मी मालकी असलेल्या ‘डेब्स्वाना’मार्फत उत्पादन होते. मिळालेले उत्पन्न रस्ते, शाळा, दवाखाने व पाणीपुरवठा यांवर खर्च झाले. पुढील पिढ्यांसाठी १९९४ मध्ये ‘पुला निधी’ स्थापन करण्यात आला.

शासनाच्या तिजोरीवरच सारे विसंबून राहिले नाही. १९७५ मध्ये लेसोथोने सामाईक विद्यापीठातून अंग काढून घेतले, तेव्हा बोट्स्वानात विद्यापीठासाठी ‘माणशी एक जनावर’ अशी हाक देण्यात आली. कोणी गाय दिली, कोणी धान्य, तर कोणी अंडी. १९८२ मध्ये बोट्स्वाना विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याच सुमारास सुरू झालेला दुष्काळ १९८७ पर्यंत टिकला. परंतु रोजगाराची कामे, धान्यवाटप व बालकांचा पोषण आहार यांमुळे उपासमारीचे संकट टळले. ज्याँ द्रेझ व अमर्त्य सेन यांनी १९८९ च्या ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ या ग्रंथात दुष्काळ-निवारणाच्या यशस्वी प्रयत्नांमध्ये १९७२-७३ चा महाराष्ट्र आणि बोट्स्वाना या दोहोंचा विचार केला आहे.

समुद्राविना व्यापार

स्वतःचे बंदर नसल्याने माल शेजाऱ्यांच्या मार्गांनीच बाहेर जातो. उत्तरेस झांबेझी नदी तराफ्यावरून ओलांडावी लागे. २०२१ मध्ये काझुंगुला येथील पूल खुला झाल्याने ती अडचण दूर झाली. हिऱ्यांना मात्र बंदर लागत नाही. ते विमानाने जातात. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात व मुंबईत त्यांचा मोठा व्यापार चालतो. कच्चा माल बाहेर पाठवून रोजगार गमावू नये, यासाठी बोट्स्वानानेही देशात पैलू पाडण्याचे कारखाने सुरू केले. २०१३ मध्ये डी बिअर्सच्या कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून राजधानी गाबोरोने येथे आली.

उणिवा आणि आव्हाने

या चित्राला दुसरी बाजूही आहे. बेकारी व विषमता तीव्र आहे. मध्य कालाहारी अभयारण्यातून सान या आदिवासींना हलविण्यात आले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरविले. एड्सने अनेक घरे उद्ध्वस्त केली. तथापि २००२ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केल्याने असंख्य प्राण वाचले.

आज खरी कसोटी हिऱ्यांचीच आहे. प्रयोगशाळेत तयार होणारे स्वस्त हिरे बाजारात आल्याने व मागणी घटल्याने महसूल आटला. २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला आणि सत्तांतर शांततेने पार पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र औषधांच्या टंचाईमुळे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. एकाच पिकावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच एकाच खनिजावर विसंबणाऱ्या राष्ट्राची होऊ शकते.

खाणीतून निघालेला हिरा पुन्हा उगवत नाही. त्या संपत्तीतून शिकलेली माणसे, उभ्या राहिलेल्या संस्था आणि खोट्लावर बसून एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय हेच त्या राष्ट्राचे टिकाऊ धन होय. उत्पन्नाचे नवे मार्ग शोधताना बोट्स्वानाला याच धनाचा आधार घ्यावा लागणार आहे.